जुन्या गाडीतलं आधीच्या मालकाचं काम

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

मागच्या काही बैठकांत एक प्रश्न बऱ्याच गटांकडून आला. गट मोठे झाले, माल वाढला, पापड, मसाला, हातसडीचा तांदूळ बाजारात न्यायला गाडी लागते. नवी परवडत नाही, म्हणून जुनी घेतात. ती थोडे दिवस बरी चालते आणि मग त्रास द्यायला लागते. मेस्त्री एक सामान बदलतो, दुसरा मेस्त्री दुसरं बदलतो, पैसे जातात आणि गाडी तशीच राहते. असं का होतं?

कारणं पुष्कळ असतात. पण एका कारणाकडे फार कमी लक्ष जातं. जुनी गाडी कंपनीतून निघाली तशी आपल्याकडे येत नाही. मधल्या दहा-बारा वर्षांत तिला कुणी गॅस किट लावलेलं असतं, कुणी मोठे दिवे, कुणी टेप, कुणी एखादी वायर ‘डायरेक्ट’ केलेली असते. मेस्त्री मात्र ती कंपनीची गाडी समजूनच दुरुस्त करायला बसतो. म्हणून आज आपण बोलणार आहोत ते आधीच्या मालकानं केलेल्या या बदलांविषयी. ते ओळखायचे कसे, काढायचे कोणते, ठेवायचे कोणते आणि हे सगळं करताना आपल्या गटाचा पैसा वाचवायचा कसा.

आधी आमच्या गाडीचं सांगतो. आमच्या गावच्या नऊ गटांनी मिळून एक जुनी व्हॅन घेतली. भाड्यानं चालवायला नाही, आपलाच माल आणि आपल्याच बाया राजूर, अकोल्याच्या बाजाराला न्यायला. गटातल्याच एका ताईनं गाडी शिकून परवाना काढला आणि तीच चालवायला लागली. पहिला महिना बरा गेला. मग गाडी घाटात बंद पडायला लागली. चढाला, भर उन्हात, माल भरलेला असताना एकदम बंद. पंधरा मिनिटं थांबलं की आपोआप चालू.

आता बघा, गाडी बंद पडली की लोक काय बोलतात? “बाई चालवतेय ना, क्लच दाबता येत नसंल.” “ॲक्सिलेटर जादा देत असंल.” पारावर हेच. बंद पडलेल्या गाडीला धक्का द्यायला आलेले भाऊसुद्धा हेच ऐकवून जायचे. दोन महिन्यांनी ताई म्हणाली, “मी आता गाडीला हात लावणार नाही. तुम्ही ड्रायव्हर ठेवा.” ड्रायव्हर ठेवला असता तर महिन्याचा पगार द्यावा लागला असता, आणि मालावर सुटणारा नफा त्यातच गेला असता. म्हणजे प्रश्न नुसत्या एका गाडीचा राहिला नव्हता.

तोवर तीन गॅरेज झाली होती. पहिल्यानं प्लग आणि फिल्टर बदलले. दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप बदलला, कारण गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू हे पंपाच्या बिघाडाचंही लक्षण असतं. तिसऱ्यानं कॉइल बदलली. ती माणसं फसवणारी नव्हती. कंपनीच्या गाडीत असा त्रास असेल तर जे आधी तपासतात, तेच त्यांनी तपासलं. खर्च सात हजारांच्या वर गेला आणि गाडी घाटात बंद पडतच राहिली.

मग आम्ही गेलो गाडीचं वायरिंग करणाऱ्या एका जुन्या वायरमनकडे. त्यानं सामान काही मागितलं नाही. त्यानं विचारलं, “ताई, ही गाडी आधी गॅसवर होती का?” आम्ही आरसी काढून दाखवली. तिच्यावर इंधन म्हणून फक्त पेट्रोल लिहिलेलं होतं. तो म्हणाला, “कागदावर काय आहे ते वेगळं, गाडीवर काय आहे ते बघू.” त्यानं पुढची सीट उचलली. आमच्या व्हॅनचं इंजिन सीटखाली आहे. तिथं बाजूच्या पत्र्याला चार रिकामी भोकं होती, ब्रॅकेट काढल्यावर राहतात तशी. पाण्याच्या रबरी नळीत मध्येच दोन पितळी जोड होते. हवेच्या नळीत एक ॲल्युमिनियमची कडी अडकवलेली होती. टाकी नाही, स्विच नाही, पण किटच्या खुणा सगळ्या होत्या.

यातला एकेक तुकडा तिथं का होता ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या गाडीत दिसला तर ओळखू येईल.

एलपीजी गॅस पातळ स्वरूपात टाकीत असतो. इंजिनात जाण्याआधी त्याची वाफ करावी लागते. वाफ होताना तो भाग इतका गार पडतो की गोठतो. गोठू नये म्हणून इंजिनचं गरम पाणी त्याच्याभोवती फिरवतात. त्यासाठी पाण्याची नळी कापून जोड देतात. आमच्या गाडीचं किट काढलं, पण कापलेली नळी तशीच जोडून दिली. त्या क्लिपांमधून पाणी थेंब थेंब झिरपत होतं. हवेच्या नळीतली कडी गॅस हवेत मिसळण्यासाठी असते. किट गेल्यावर तिचं काम संपलं, पण ती राहिली तर हवेची वाट अरुंद होते आणि चढाला गाडीचा दम कमी पडतो.

आणि तिसरी गोष्ट वायरची. गाडी गॅसवर असताना पेट्रोल बंद राहायला हवं. त्यासाठी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना वीज नेणारी वायर मध्येच कापून किटच्या डबीतून नेलेली असते. आमच्या गाडीत डबी काढली आणि कापलेली दोन टोकं नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली. वायरमननं इंजिन चांगलं गरम होऊ दिलं, मग चालू इंजिनवर ती वायर बोटानं हळूहळू हलवत गेला. एका जागी हलवल्याबरोबर इंजिन अडखळलं. टेप सोडली तर आत तांबं हिरवं-काळं पडलेलं. घाटात इंजिन तापलं, खड्ड्यांत हादरे बसले की तो जोड सुटायचा, इंजेक्टरची वीज जायची आणि गाडी बंद. गार झाली की पुन्हा टेकायचा. वायरमननं खराब तुकडा कापून नवी वायर घातली, डाक दिला, वर स्लीव्ह चढवली. पाण्याची नळी एकसंध नवी टाकली, कडी काढली. सगळे मिळून अकराशे रुपये लागले. ताई त्याच आठवड्यात माल घेऊन विठे घाट चढून गेली. आजही तीच गाडी चालवते. पारावरचे आता गप्प आहेत.

यातून आम्ही जी पद्धत बसवली ती तुमच्यासमोर ठेवतो.

पहिलं काम, दुरुस्तीआधी गाडी वाचा. कंपनीच्या वायरिंगला बहुतेक ठिकाणी एकसारखी गुंडाळी, ठरलेल्या क्लिपा आणि प्लास्टिकचे कनेक्टर असतात. वरून केलेलं काम वेगळं दिसतं. काळी चिकट टेप, घरात वापरतात तसली लाल-पिवळी वायर, पत्र्याला वरून मारलेले स्क्रू, नाव नसलेली बटणं. असं जे जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. बॅटरीच्या खिळ्यांवर किती वायरी आहेत ते मोजा. जाड वायरींशिवाय दोन-चार बारीक वायरी तिथं गुंडाळलेल्या असतील, तर त्या कुठं जातात ते शोधा. बॅटरीवरून थेट गेलेल्या वायरीला मध्ये फ्यूज नसेल, तर ती वायर पत्र्यावर घासून सोलली की आग लागू शकते.

दुसरं काम, फ्यूजची डबी उघडा. फ्यूजला रंग असतात. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. डबीच्या झाकणावर कुठं कोणता हवा ते बहुधा लिहिलेलं असतं. लालच्या जागी हिरवा दिसला, किंवा फ्यूजऐवजी तांब्याची तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली, तर समजा की तिथं फ्यूज वारंवार उडत होता आणि कुणीतरी कंटाळून असं केलं.

इथं थोडं थांबून हिशेब करू. आपल्याला व्याजाचा हिशेब येतो, हा त्याहून सोपा आहे. हेडलाइटचा नेहमीचा बल्ब मोठ्या प्रकाशाला ६० वॅटचा असतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ६० भागिले १२ म्हणजे ५. एका बल्बला ५ अँपिअर, दोन्हींना मिळून १०. आधीच्या मालकानं प्रकाश जास्त हवा म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकले. आता १०० भागिले १२ म्हणजे आठाच्या वर, दोन्हींना मिळून सोळा-सतरा. वायर तीच, स्विच तोच. १५ चा फ्यूज उडू शकतो. मग तो काढून ३० चा टाकला. आता फ्यूज उडत नाही, पण वायर तापते, स्विच वितळतो. दिवे मधूनच जातात म्हणून आपण स्विच बदलतो, चार महिन्यांनी तोही वितळतो. अशा वेळी नुसता स्विच बदलून उपयोग नाही. बल्ब पुन्हा ६० चा टाकायचा आणि फ्यूज झाकणावर लिहिलाय तोच लावायचा.

तिसरं काम फार महत्त्वाचं. कोणताही बदल काढण्याआधी तो का केला होता ते विचारा. आधीच्या मालकाला काही गरज पडली होती, म्हणूनच त्यानं ते केलेलं असतं. शेजारच्या गावच्या गटाच्या पिकअपची गोष्ट सांगतो. तिच्या डॅशबोर्डवर एक बिननावाचं बटण होतं. वायरिंगचं काम करताना एका पोराला वाटलं, हे फालतू दिसतंय, म्हणून त्यानं त्याची वायर काढून टाकली. पुढच्या चढाला इंजिन उकळलं. ते बटण रेडिएटरच्या पंख्याचं होतं. पाणी ठरावीक तापलं की पंखा आपोआप सुरू करणारा सेन्सर खराब झाला होता आणि आधीच्या मालकानं पंखा ‘डायरेक्ट’ करून बटण लावलं होतं. त्याचा जुगाड चुकीचा असेल, पण त्यावरच गाडी चालत होती. म्हणून आधी सेन्सर बदलायचा, पंखा आपोआप लागतो का ते उभ्या गाडीवर बघायचं आणि मगच बटण काढायचं. आणि हो, इंजिन उकळलं असेल तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबानं उसळतं आणि तोंड-हात भाजतात.

शक्य असेल तर आधीच्या मालकाला फोन करा. “भाऊ, तुमची तक्रार करायला फोन नाही केला, गाडीत काय काय केलं होतं तेवढं सांगा,” असं म्हटलं की माणसं सांगतात. गाडी विकली गेलेली असते, लपवायचं काही उरत नाही. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकानं पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या. त्या शोधायला आमचे दोन दिवस गेले असते.

चौथं काम, सापडलेल्या बदलांचे तीन वाटे करा.

पहिला वाटा, ताबडतोब काढायचे. फ्यूजच्या जागची तार, पिळलेले जोड, किटचे उरलेले तुकडे, जास्त वॅटचे बल्ब. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये कुणी काही जोडाजोड केली असेल तर ती याच वाट्यात. तिथं ‘चालतंय की’ म्हणायचं नाही. कंपनीच्या मापाचा भाग टाकायचा, थोडा महाग पडला तरी.

दुसरा वाटा, गरज खरी आहे, काम कच्चं आहे. उदाहरणार्थ, मोठा हॉर्न किंवा घाटातल्या धुक्यासाठी लावलेले दिवे. हे ठेवायचे असतील तर वायरमनला रिले लावायला सांगा. रिले म्हणजे एक लहान डबी. बटणातून थोडीच वीज जाते, ती डबीला फक्त इशारा देते, आणि दिव्याची जास्तीची वीज बॅटरीवरून फ्यूजमधून वेगळ्या जाड वायरीनं जाते. मग बटण वितळत नाही. दिवेही कायद्यात बसणारेच हवेत, हे त्याच्याकडून विचारून घ्या.

तिसरा वाटा, राहू द्यायचे. आमच्या व्हॅनला दाराची चावी वेगळी आणि चालू करायची वेगळी, कारण कधीतरी कुलूप बदललेलं आहे. मागच्या दाराला कंपनीची नसलेली कडी आहे. बॅटरीची चौकट दुसऱ्या मापाची आहे, पण पक्की आहे. यात धोका नाही, म्हणून पैसेही घातले नाहीत. फक्त लिहून ठेवलं. पुढं बॅटरी आणायची झाली तर माप त्या चौकटीचं न्यायचं, पुस्तकातलं नाही.

पाचवं काम, एका वेळी एकच बदल. मेस्त्री म्हणतात, “ताई, सगळं एकदमच करून टाकू.” तसं करू नका. एक गोष्ट दुरुस्त करा, दोन दिवस गाडी चालवा, बघा, मग दुसरी. चार गोष्टी एकदम केल्या आणि नवा त्रास निघाला, तर तो कशामुळं निघाला ते कळत नाही. वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची मायनसची वायर आधी काढायची आणि काम झाल्यावर तीच शेवटी जोडायची. सोडलेल्या प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून आकडा टाका आणि फोटो काढा. काढलेलं जुनं सामान घरी आणा. ते तुमच्या पैशाचं आहे, आणि खरंच खराब होतं का ते दुसऱ्याला दाखवता येतं.

आता थोडं कागदांबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर नोंदलेल्या मूळ गोष्टी बदलतील असे फेरफार गाडीत परस्पर करता येत नाहीत. इंधन बदलायचं तर आरटीओकडे नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीत न बसणाऱ्या बदलाबद्दल मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी आपल्या नावावर झाली की रस्त्यावर जाब आपल्याला विचारतात, आधीच्या मालकाला नाही. समोर लावलेला लोखंडी गार्डही असाच. तो लावायला परवानगी नाही, काढून टाका. गॅस किट चालू ठेवायचं असेल तर ते मान्यताप्राप्त आणि आरसीवर नोंदलेलं हवं. सीएनजीच्या टाकीची दाब चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला विक्रेत्याकडून मागून घ्या.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विम्यावर आपलं नाव चढवण्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. नोंद नसलेला बदल गाडीत असला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. म्हणून ज्या गटांना गाडी अजून घ्यायची आहे, त्यांनी आरसी हातात घेऊन गाडीभोवती फिरावं. कागदावर पेट्रोल आणि सीटखाली रिकाम्या ब्रॅकेटची भोकं असतील, तर तिथंच प्रश्न विचारावा आणि किंमत त्याप्रमाणे बोलावी.

शेवटचं काम आपल्या हातातलं आहे, ते म्हणजे वही. गटाच्या बैठकीचं इतिवृत्त आपण लिहितो, बचतीची, कर्जाची वही ठेवतो. तशीच एक शंभर पानी वही गाडीची ठेवा. पहिल्या पानावर गाडीत सापडलेले सगळे बदल. कोणता काढला, कोणता नीट केला, कोणता राहू दिला आणि का. पुढं तारीख, किलोमीटर, कुणी काम केलं, काय बदललं, किती पैसे दिले. आपण स्वतः काही बदल केला तर तोही त्यात. आमची वही गाडीच्या खणात असते. नव्या मेस्त्रीकडे गेलो की आधी ती पुढं करतो. पूर्वी “ताई, तुम्हाला गाडीतलं काय कळतंय, बाजूला बसा” असं ऐकायला मिळायचं. आता वही बघून तोच विचारतो, “हा जोड कुणी दिलाय?” मग बोलणं सरळ होतं आणि अंदाजानं सामान बदलणं थांबतं.

उद्या आपणही ही गाडी विकू. घेणारी कदाचित दुसऱ्या गटाची बाई असेल. तिला किल्लीबरोबर ही वहीही द्यायची, असं आमच्या ग्रामसंघानं ठरवलं आहे आणि ठराव लिहून ठेवला आहे.

तर मैत्रिणींनो, ज्या गटांकडे जुनी गाडी, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनी पुढच्या बैठकीआधी तीन गोष्टी कराव्यात. फ्यूजची डबी उघडून बघावी, बॅटरीवरच्या वायरी मोजाव्यात आणि बिननावाची बटणं कशाची आहेत ते शोधून त्यांवर चिठ्ठी लावावी. काय सापडलं ते आपल्या समन्वयक ताईला सांगा किंवा इथं रेडिओवर कळवा. जमलं तर पुढच्या वेळी आमच्या त्या वायरमन दादांना इथं बोलवू आणि तुमचे प्रश्न त्यांनाच विचारू.